जिल्हा परिषद आणि जिल्ह्याचे नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातले एखादे काम का रखडले आहे हे विचारायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेलेल्या माणसाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात: ‘निधी नाही’ किंवा ‘ते आमच्याकडे येत नाही’. ही उत्तरे कधी खरी असतात, कधी अर्धवट असतात. कोणते काम कोणाकडे येते, त्याचा पैसा कोणत्या टप्प्यावर ठरतो आणि त्या टप्प्याआधी गावाने काय करून ठेवायला हवे, हे ठाऊक असेल तर पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो. पुढील माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रातील व्यवस्थेला धरून आहे.

जिल्हा परिषद कोणत्या कायद्याने स्थापन झाली?

‘महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१’ या कायद्याने. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर लगेच, १९६० मध्ये, वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींवर हा कायदा उभा राहिला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचे कामकाज सुरू झाले. त्याआधी जिल्हा लोकल बोर्डे होती. अनेक गावांतली जुनी माणसे आजही प्राथमिक शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात, ते त्या काळाचे शिल्लक राहिलेले नाव आहे.

बळवंतराय मेहता समितीने देशासाठी सुचवलेल्या रचनेत तालुका, म्हणजे गट पातळीवरची संस्था अधिक महत्त्वाची होती. नाईक समितीने मात्र जिल्हा हा मुख्य घटक मानला आणि जिल्हा परिषदेच्या हाती शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी आणि त्यासाठी लागणारे कर्मचारी असा खराखुरा कारभार दिला. जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हणतात ते यामुळेच. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला देशभर घटनात्मक आधार मिळाला. ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, म्हणजे महाराष्ट्राने ही वाट तिच्या तीस वर्षे आधीच धरली होती.

राज्यात ३६ जिल्हे आणि ३४ जिल्हा परिषदा आहेत. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत ग्रामीण भाग नसल्याने तिथे जिल्हा परिषद नाही.

कोणती कामे जिल्हा परिषदेकडे येतात आणि कोणती येत नाहीत?

सर्वांत जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

रस्त्यांपासून सुरुवात करू. गावाला जोडणारे ग्रामीण मार्ग आणि ‘इतर जिल्हा मार्ग’ जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. ‘प्रमुख जिल्हा मार्ग’ आणि राज्यमार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे थेट राज्य शासनाकडे असतात. नावात ‘जिल्हा’ आहे म्हणून प्रमुख जिल्हा मार्गाचे निवेदन जिल्हा परिषदेत दिले, तर ते पुढे पाठवण्यापलीकडे तिथे फारसे काही होत नाही. गावाच्या आतल्या गल्ल्या आणि गटारे हे ग्रामपंचायतीचे काम आहे.

आरोग्यात सीमारेषा अशीच ठळक आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते आणि त्यांचा जिल्हा परिषदेशी प्रशासकीय संबंध नसतो. सपाट भागात साधारण ३०,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तसेच अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. नव्या केंद्राची मागणी करताना हे आकडे हाताशी ठेवावेत, कारण छाननीत पहिला प्रश्न लोकसंख्येचाच येतो.

प्राथमिक शाळा आणि अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या आहेत. पशुवैद्यकीय दवाखाने, कृषी विभागाच्या काही योजना आणि समाजकल्याणाच्या काही योजनाही तिच्याकडे आहेत. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले पाझर तलाव आणि बंधारे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे येतात, त्याहून मोठे राज्य शासनाच्या यंत्रणांकडे जातात. गावाची नळपाणी योजना बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून होते, तर अनेक गावांची मोठी प्रादेशिक योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असू शकते. वीज, रेशन, सातबारा, पोलीस आणि एसटी यांतले काहीही जिल्हा परिषदेकडे नाही.

निर्णय सदस्य घेतात की अधिकारी?

दोघेही, पण वेगवेगळे. धोरण, अंदाजपत्रक आणि कामांची निवड ही निवडून आलेल्या सभागृहाची जबाबदारी आहे. अंमलबजावणी, देयके आणि कर्मचाऱ्यांवरील नियंत्रण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे असते. जिल्हा परिषदेत थेट निवडून आलेले किमान ५० आणि कमाल ७५ सदस्य असतात, शिवाय पंचायत समित्यांचे सभापती पदसिद्ध सदस्य असतात. एका सदस्याच्या मतदारसंघाला गट म्हणतात आणि त्या गटात पंचायत समितीचे दोन गण येतात. सदस्यांची मुदत पाच वर्षांची आणि अध्यक्षांची अडीच वर्षांची असते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात.

रोजच्या कारभारात सर्वसाधारण सभेपेक्षा विषय समित्या जास्त महत्त्वाच्या ठरतात. स्थायी, वित्त, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, पशुसंवर्धन, महिला व बालकल्याण आणि जलव्यवस्थापन अशा या समित्या आहेत. शाळेच्या खोलीचा विषय शिक्षण समितीत एकदा सविस्तर चर्चिला गेला, तर सर्वसाधारण सभेत तो सहसा अडत नाही. आपल्या गटाचा सदस्य कोणत्या समितीवर आहे, हे मतदाराने विचारून ठेवावे.

निवडणूक झालेली नसेल तर जिल्हा परिषद बंद असते का?

नाही. मुदत संपल्यावर प्रशासक नेमला जातो आणि सभागृहाचे अधिकार त्याच्याकडे जातात. २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांत इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्याने निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि त्या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होते. कामे चालू राहिली, पगार झाले, निविदाही निघाल्या. पण ज्या माणसाला गावात कोणी ओळखत नाही आणि ज्याला गावात मते मागायची नाहीत, त्याने कोणत्या वाडीचा रस्ता आधी करायचा हे ठरवणे, ही पंचायत राज्याची कल्पना नव्हती. नियोजन समितीवरही याचा थेट परिणाम होतो, तो पुढच्या प्रश्नांत येईल.

जिल्हा नियोजन समिती म्हणजे जिल्हा परिषदेचीच समिती का?

नाही. नावांच्या साधर्म्यामुळे हा समज पसरला आहे. जिल्हा नियोजन समिती ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यघ नुसार स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आणली आणि महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. दैनंदिन काम जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांचे कार्यालय पाहते, आणि हे कार्यालय जिल्हाधिकारी कार्यालयात असते, जिल्हा परिषदेत नाही. लोक अजूनही तिला ‘डीपीडीसी’ म्हणतात, ते जुन्या जिल्हा नियोजन व विकास मंडळाचे नाव आहे.

समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून, त्यांनीच निवडून द्यायचे असतात, तेही ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. याचा अर्थ असा की स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या नाहीत तर समितीचा हा मोठा भाग रिकामाच राहतो, आणि मग बैठकीत पालकमंत्री, निमंत्रित आमदार-खासदार आणि अधिकारी एवढेच उरतात.

राज्यघटनेने नियोजन समितीवर नेमकी कोणती जबाबदारी टाकली आहे?

पंचायती आणि नगरपालिका यांनी तयार केलेले आराखडे एकत्र करून संपूर्ण जिल्ह्याच्या विकासाचा मसुदा तयार करणे ही. तो करताना गाव आणि शहर यांच्या सामाईक हिताच्या गोष्टी, म्हणजे जमिनीच्या वापराचे नियोजन, पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचे रक्षण, विचारात घ्याव्यात असे घटनेत स्पष्ट लिहिले आहे. जिल्ह्यात कोणती साधने किती उपलब्ध आहेत याचाही विचार करावा असे सांगितले आहे. तयार झालेला मसुदा समितीच्या अध्यक्षांनी राज्य शासनाकडे पाठवायचा असतो.

हा मजकूर मूळात वाचावा अशी माझी प्रत्येक सरपंचाला आणि नगरसेवकाला कळकळीची विनंती आहे. एखाद्या धरणातून शहराची पाइपलाइन जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. शहराचा कचरा हद्दीबाहेरच्या गायरानात पडतो. शहराचे सांडपाणी ज्या ओढ्यात सुटते त्याच ओढ्याच्या काठी खालच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर असते. हे वाद एकटी ग्रामपंचायत सोडवू शकत नाही आणि एकटी नगरपालिकाही सोडवू शकत नाही. दोघींना एका टेबलाशी बसवणारी घटनात्मक जागा जिल्हा नियोजन समिती हीच आहे. प्रत्यक्षात बैठकीचा बहुतेक वेळ कोणत्या तालुक्याला किती निधी यावर जातो. निधीची वाटणी आवश्यक आहे, पण ते नियोजनाचे शेवटचे पान आहे. आधीची पाने कोरी ठेवून शेवटचे पान भरले, तर दर वर्षी तीच गावे त्याच टँकरची वाट पाहत राहतात.

जिल्हा वार्षिक योजना कशी तयार होते?

राज्य शासन लोकसंख्या, क्षेत्रफळ, मागासलेपण अशा निकषांवर प्रत्येक जिल्ह्याला एक कमाल मर्यादा कळवते. त्या मर्यादेत सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे तीन भाग असतात. जिल्हा परिषदेसह सर्व अंमलबजावणी यंत्रणा आपापले प्रस्ताव नियोजन कार्यालयाकडे देतात. हिवाळ्यात समितीची बैठक होऊन प्रारूप आराखडा ठरतो, जानेवारी-फेब्रुवारीत वित्तमंत्र्यांसमोर विभागनिहाय बैठका होतात, तिथे जिल्हे वाढीव मागणी मांडतात, आणि मार्चच्या राज्य अर्थसंकल्पात अंतिम रक्कम येते.

या वेळापत्रकातून गावाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या वर्षाचे काम साधारण आधीच्या दिवाळीच्या सुमारास कागदावर आलेले असायला हवे. मे महिन्यात निवेदन घेऊन जाणारा माणूस त्या वर्षासाठी उशिरा आणि पुढच्या वर्षासाठी फार लवकर पोहोचलेला असतो, आणि त्याचे निवेदन दोन्ही वर्षांच्या मध्ये हरवते.

जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा किती असतो?

फार थोडा. जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा, इमारती व गाळ्यांचे भाडे, ठेवींवरील व्याज यांतून जो निधी जमतो त्याला स्वनिधी किंवा बोलीभाषेत ‘सेस फंड’ म्हणतात. त्यातले २० टक्के मागासवर्गीयांच्या योजनांवर, १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. उरलेल्यातून बाकी सर्व.

मोठा पैसा बाहेरून येतो: जिल्हा वार्षिक योजनेतून, राज्य आणि केंद्राच्या योजनांतून, वित्त आयोगातून. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामीण निधी महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के असा वाटला गेला. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाची बातमी वाचताना ते स्वनिधीचे आहे की शासकीय निधीसह आहे, हे आधी पाहावे, नाहीतर दोन आकड्यांतला प्रचंड फरक पाहून विनाकारण संशय निर्माण होतो.

‘तीस चोपन्न’, ‘पन्नास चोपन्न’, ‘पंचवीस पंधरा’ असे आकडे ऐकू येतात, ते काय आहेत?

ही लेखाशीर्षे, म्हणजे सरकारी हिशेबातली खर्चाची खाती आहेत. ३०५४ मधून रस्त्यांची दुरुस्ती व सुधारणा होते, ५०५४ मधून भांडवली स्वरूपाची रस्ते-पुलांची कामे. २५१५ हे ग्रामविकास विभागाचे, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांचे शीर्ष असून त्याची मंजुरी मंत्रालयातून येते, नियोजन समितीतून नाही. स्मशानभूमी, ग्रामपंचायत इमारत अशा कामांसाठी जिल्हा योजनेत ‘जनसुविधा’ हे वेगळे शीर्ष आहे. आमदारांचा स्थानिक विकास निधी आणखी वेगळा. तो आमदारांच्या शिफारशीवर, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्यतेने खर्च होतो. आपल्या कामाला कोणते शीर्ष लागू होते हे ठाऊक असलेला सरपंच अर्धे अंतर आधीच चाललेला असतो.

गावाने काम कसे सुचवावे?

सुरुवात ग्रामसभेत होते. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायत वार्षिक विकास आराखडा करते, आणि त्यासाठीची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास सुरू होते. मंजूर आराखडा ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर चढवला जातो आणि कोणालाही पाहता येतो. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. जे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे आहे त्याचा स्वतंत्र ठराव करून तो पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागाकडे पाठवावा.

मात्र ठराव म्हणजे प्रस्ताव नव्हे. माझ्या गावची अंगणवाडी सात वर्षे मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरत होती. आहाराची पातेली दीपमाळेच्या पायाशी मांडलेली असत, मुले जाजमावर बसत, आणि शनिवारी दर्शनाची गर्दी झाली की सेविका मुलांना घेऊन पिंपळाच्या पारावर जात. दर वर्षी ग्रामसभा ठराव करी: ‘गावात अंगणवाडीची इमारत व्हावी.’ शेवटी आम्ही दोघेतिघे संबंधित कार्यालयात गेलो आणि फाइल पाहायला मागितली. आमच्या पहिल्याच ठरावावर लाल शाईने शेरा होता, ‘जागा उपलब्धतेचा दाखला नाही’. शेऱ्याखाली पाच वर्षांपूर्वीची तारीख होती. तो शेरा ग्रामपंचायतीला कोणी कळवला नव्हता, आणि आम्हीही पाच वर्षांत एकदाही फाइल पाहायला गेलो नव्हतो. पुढच्या ग्रामसभेत गावठाणातली दोन गुंठे जागा नेमून दिली, तिचा उतारा जोडला, चतुःसीमा लिहिल्या, शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घेतले. त्यानंतरच्या वर्षी काम यादीत आले.

म्हणून प्रस्तावात जागेचा उतारा, जागा खासगी असेल तर बक्षीसपत्र, अभियंत्याचे अंदाजपत्रक, तेच काम दुसऱ्या कोणत्याही योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला आणि जागेचे छायाचित्र असावे. प्रस्ताव दिल्यावर आवक क्रमांक घ्यावा आणि दीड-दोन महिन्यांनी त्या क्रमांकावर काय शेरा पडला ते स्वतः जाऊन पाहावे.

‘या रस्त्याला क्रमांक नाही’ असे सांगितले जाते. याचा अर्थ काय?

रस्ते विकास योजनेच्या यादीत रस्त्याची नोंद नसणे. ज्या रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक मिळालेला नाही, त्यावर जिल्हा परिषदेच्या नियमित शीर्षातून खर्च करता येत नाही, मग तो रस्ता दोन पिढ्या वहिवाटीत का असेना. वाड्या, तांडे आणि पाडे यांचे रस्ते याच कारणाने मागे राहतात. अशा वेळी डांबरीकरणाची मागणी करत न बसता आधी ‘दर्जा देण्याचा’, म्हणजे क्रमांक देण्याचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे द्यावा. ज्यांच्या जमिनीतून रस्ता जातो त्या शेतकऱ्यांची लेखी संमती मिळवणे हे त्यातले सर्वांत अवघड काम असते आणि ते कोणताही अधिकारी करून देत नाही, गावानेच बसून ते मिटवावे लागते. शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी रोजगार हमीशी जोडलेली ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ ही वेगळी योजना २०२१ मध्ये आली.

काम मंजूर झाल्याचा फलक लागला, पण काम सुरू नाही. असे का?

‘मंजूर’ हा शब्द चार वेगवेगळ्या टप्प्यांना वापरला जातो, हे याचे मूळ आहे. आराखड्यात समावेश, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि मग कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. प्रत्यक्ष काम कार्यारंभ आदेशानंतरच सुरू होऊ शकते. फलक बहुधा प्रशासकीय मान्यता मिळाल्यावर लागतो. विचारणा करताना ‘काम कधी होणार’ असे न विचारता ‘काम कोणत्या टप्प्यावर आहे, त्या टप्प्याची तारीख काय आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक काय’ असे विचारावे. या प्रश्नाला ‘बघतो’ हे उत्तर पुरत नाही.

मार्चअखेरीस एवढी धावपळ का होते, आणि न खर्चलेला निधी परत जातो का?

जिल्हा योजनेतून इतर शासकीय यंत्रणांना दिलेला निधी त्याच आर्थिक वर्षात खर्चावा लागतो. जिल्हा परिषदेला मात्र मिळालेला निधी पुढील वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत वापरण्याची मुभा आहे. या सवलतीचा चांगला उपयोग म्हणजे घाई न करता दर्जेदार काम करणे, आणि वाईट उपयोग म्हणजे पहिले वर्ष याद्यांच्या वादात घालवून दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत निविदा काढणे. एखाद्या विभागाचा निधी खर्च होणार नाही असे दिसले तर तो दुसऱ्या विभागाकडे वळवला जातो, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. ज्या विभागाकडे तयार प्रस्ताव असतात त्याला त्या वेळी जास्तीचा निधी मिळतो. मार्चमध्ये एखाद्या गावाला अचानक काम मिळाले तर त्यात वशिला असेलच असे नाही. कित्येकदा त्या गावाचे कागद पूर्ण होते, एवढेच कारण असते.

आदिवासी भागात काही वेगळी व्यवस्था आहे का?

आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे घटनेनुसार घोषित आदिवासी भागातील, ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. राज्यातील १३ जिल्ह्यांत असे क्षेत्र आहे. इथे महसुली गावाखेरीज पाडा किंवा वस्तीदेखील स्वतःची ग्रामसभा असलेले गाव म्हणून घोषित होऊ शकते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के इतका अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट दिला जातो आणि त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवायचा असतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय जिल्हा परिषदेपेक्षा वेगळे आहे, त्यामुळे आश्रमशाळेचे प्रश्न तिथे न्यावेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचे इकडे.

‘प्रादेशिक योजना’ आणि ‘जिल्हा वार्षिक योजना’ एकच आहेत का?

अजिबात नाहीत, आणि या गैरसमजाची किंमत शेतकऱ्याला जमिनीत मोजावी लागते. जिल्हा वार्षिक योजना पैशाबद्दल असते. प्रादेशिक योजना जमिनीबद्दल असते: कोणता पट्टा शेतीचा, कोणता रहिवासी, कोणता औद्योगिक, वनीकरणाचा पट्टा कुठे, नवा रस्ता कुठून. ती ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ खाली होते. त्यासाठी शासन प्रदेश घोषित करून प्रादेशिक नियोजन मंडळ नेमते आणि नगररचना विभाग नकाशे तयार करतो. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली आणि दुसरी १९९९ मध्ये.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी किमान चार महिन्यांची मुदत असते. ही मुदत फार मौल्यवान आहे. ग्रामपंचायतीने आपल्या गावाचा नकाशा मागवून तो गट क्रमांकांशी ताडून पाहावा, ओढे, गायरान आणि देवराई बरोबर दाखवली आहे का ते तपासावे आणि हरकत गट क्रमांकासह लेखी द्यावी. योजना मंजूर झाल्यावर जमिनीचा वापर तिच्याशी विसंगत करता येत नाही, आणि नंतर तो फेरबदल करून घेणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नाही.

गोव्यातही अशीच व्यवस्था आहे का?

गोव्यात उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा अशा दोन जिल्हा पंचायती आहेत आणि त्यांचा कायदा १९९४ चा गोवा पंचायत राज अधिनियम आहे. त्यांच्याकडे महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेइतका शाळा-दवाखान्यांचा कारभार नाही. प्रादेशिक आराखड्याच्या बाबतीत मात्र गोव्याचा अनुभव महाराष्ट्राने अभ्यासावा असा आहे. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये मोठ्या प्रमाणावर हिरवे पट्टे वसाहतीसाठी खुले केल्याच्या विरोधात गोवा बचाव अभियानाच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा ‘आराखडा २०२१’ करताना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेला कृती गट नेमला गेला आणि गावनिहाय नकाशे पंचायतींकडे सूचनांसाठी पाठवले गेले. गावाचा नकाशा गावात आला की लोक तो किती बारकाईने वाचतात, हे तेव्हा दिसून आले.

विदर्भ आणि मराठवाड्याची विकास मंडळे यात कुठे बसतात?

ती जिल्ह्याच्या वरच्या पातळीवरची होती. १९८४ मध्ये अहवाल दिलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्यातील विभागांमधला अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजला, आणि तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. अनुच्छेद ३७१ (२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी १ मे १९९४ पासून वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. विभागांतर्गत जिल्ह्या-जिल्ह्यांमधली आणि तालुक्या-तालुक्यांमधली दरी मोजण्याचे काम मात्र कोणतेही मंडळ असो वा नसो, जिल्हा नियोजन समितीने करायलाच हवे.

मी शहरात राहतो. मला जिल्हा परिषदेसाठी मतदान करता येते का?

तुमचे नाव महानगरपालिका किंवा नगरपालिका हद्दीतील मतदार यादीत असेल तर नाही. जिल्हा परिषदेचे मतदार फक्त ग्रामीण भागातले असतात. जिल्हा नियोजन समितीत मात्र तुमच्या नगरसेवकांचेही प्रतिनिधी असतात, तेव्हा समितीचे काम तुमचेही आहे.

माहिती मिळत नसेल तर काय करावे?

आधी तोंडी विचारावे, कारण बहुतेक टेबलांवर चांगली माणसे असतात. तरीही न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली ‘जोडपत्र अ’ मध्ये दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अर्ज द्यावा. अर्ज थोडक्यात असावा आणि त्यात मत किंवा तक्रार नसावी. ‘आमच्या गावावर अन्याय का होतो’ या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर नाही. ‘अमुक आर्थिक वर्षात ३०५४ या लेखाशीर्षाखाली अमुक तालुक्यात प्रशासकीय मान्यता दिलेल्या कामांची यादी, रक्कम आणि कार्यारंभ आदेशाच्या तारखेसह’ या मागणीला आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. मिळालेली यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि इतिवृत्तात तिची नोंद घ्यायला लावावी.